फलकावरचे रामन



फेब्रुवारी महिना अर्धा उलटला की शाळाशाळांतून एक ओळखीची धावपळ सुरू होते. कार्डशीट आणली जाते, स्केचपेनांची जमवाजमव होते, सुंदर अक्षर असलेल्या मुलामुलींना एकदम भाव येतो. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९८७ सालापासून तो देशभर पाळला जातो. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात एक फलक लागतोच लागतो. मधोमध चंद्रशेखर वेंकट रामन यांचे फेटा बांधलेले मोठे चित्र. वर कमानीसारख्या अक्षरांत 'थोर शास्त्रज्ञ'. डाव्या बाजूला जन्म, शिक्षण, नोकरी. उजव्या बाजूला १९३० चे नोबेल पारितोषिक, १९५४ ची भारतरत्न पदवी आणि मृत्यूची तारीख. खाली एक बोधवाक्य. भोवती रंगीत कागदाची नक्षी. कुणी उत्साही असेल तर वर झेंडूचा हारही.

असे फलक मी गेल्या अनेक वर्षांत शेकड्यांनी पाहिले आहेत. कधी शिक्षक म्हणून, कधी प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून. एका तालुक्याच्या गावी भरलेल्या प्रदर्शनात तर रामन यांचे सात फलक एका रांगेत होते. सातही जवळजवळ सारखे. त्यांतल्या एका फलकापाशी आठवीतली एक मुलगी उभी होती. मी विचारले, "रामन परिणाम म्हणजे काय गं?" तिने पाठ केलेले वाक्य एका दमात म्हणून दाखवले. मी म्हटले, "छान. पण म्हणजे नेमके काय होते? रामन यांनी काय केले, काय पाहिले?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग फलकाकडे पाहत अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, फोटो मोठा लागला. त्यामुळे प्रयोगाला जागाच उरली नाही."

मित्रांनो, आजचा हा लेख त्या मुलीच्या एका वाक्यावर आहे. आपल्या फलकांची सगळी दुखणी तिने त्यात सांगून टाकली. चित्राला जागा मिळते, प्रयोगाला मिळत नाही. माणूस दिसतो, त्याचे काम दिसत नाही. आणि शास्त्रज्ञाच्या बाबतीत काम वगळले, तर मागे उरते ती फक्त एक तसबीर.

याचा अर्थ तुम्ही फलक करू नका असा नाही. उलट, जरूर करा. चार मुलांनी एकत्र बसून, माहिती शोधून, काय ठेवायचे आणि काय गाळायचे यावर भांडून केलेला फलक हे फार चांगले शिक्षण असते. माझे म्हणणे एवढेच की, फलक अधिक चांगला, अधिक खरा करता येतो. तो कसा, हे आपण रामन यांचेच उदाहरण घेऊन पाहू.

प्रथम एक छोटी कसोटी सांगतो. फलक तयार झाला की त्यावरचे नाव आणि चित्र वहीच्या पुठ्ठ्याने झाका. मग उरलेला मजकूर वाचा. 'लहानपणापासून हुशार होते', 'खूप कष्ट केले', 'देशाचे नाव उज्ज्वल केले', 'अनेक पारितोषिके मिळाली' अशी वाक्ये उरली, तर ती जगदीशचंद्र बोस यांनाही लागू पडतील, एडिसन यांनाही लागू पडतील, आणि एखाद्या नामवंत क्रिकेटपटूलाही! म्हणजे तुमच्या फलकावर रामन नाहीतच. ज्या मजकुरावरून नाव झाकूनही वाचणारा म्हणेल की, 'अरे, हे तर रामन!' तोच मजकूर फलकावर जायला हवा.

तो मजकूर कोणता? शास्त्रज्ञाची खरी ओळख म्हणजे त्याला पडलेला प्रश्न. तेव्हा फलकाच्या मध्यभागी चित्राऐवजी प्रश्न लिहा. रामन यांच्या बाबतीत तो प्रश्न असा होता : समुद्र निळा का दिसतो?

१९२१ साली रामन प्रथमच विलायतेला गेले. परतताना 'नारकुंडा' नावाच्या बोटीवर त्यांचा भूमध्य समुद्रातून प्रवास झाला. त्या समुद्राची गडद निळाई पाहून सगळेच प्रवासी खूश होत असतील. रामन मात्र त्या निळाईकडे निकोल लोलकातून पाहत होते. निकोल लोलक हे विशिष्ट दिशेने कंप पावणारा प्रकाशच पलीकडे जाऊ देणारे एक साधन. त्या काळी लॉर्ड रॅली या मोठ्या शास्त्रज्ञाचे मत असे होते की, समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब. रामन यांनी विचार केला : प्रतिबिंबाचा प्रकाश विशिष्ट कोनातून पाहिला तर तो बहुतेक एकाच दिशेने कंप पावणारा असतो. मग लोलक फिरवून तो अडवता येईल. प्रतिबिंब गेल्यावर निळाईही गेली, तर रॅली बरोबर. निळाई राहिली, तर तिचे कारण पाण्यातच शोधायला हवे. त्यांनी लोलक फिरवला. पृष्ठभागावरची चमक गेली, पण निळाई गेली नाही. उलट ती अधिकच खुलली.

बोट मुंबई बंदरात पोहोचेपर्यंत रामन यांचा या विषयावरचा लेख तयार झाला होता. त्याच वर्षी तो 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. मुंबईच्या किंवा कोकणच्या मुलांनी आपल्या फलकावर हे अवश्य लिहावे. आपल्याच बंदरात, एका बोटीवर, एका भारतीय प्रवाशाने खिशात मावेल एवढ्या उपकरणाच्या जोरावर जगातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाचे मत खोडून काढले होते.

आता ही गोष्ट फलकावर नुसती लिहू नका. ती करून दाखवता येते. फलकासमोर एक टेबल मांडा. त्यावर पाण्याने भरलेले पसरट भांडे ठेवा आणि तळाशी एक नाणे टाका. भांडे अशा जागी ठेवा की खिडकीतल्या आकाशाचे किंवा ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाण्यात पडेल आणि त्या चकाकीमुळे नाणे नीट दिसणार नाही. आता पोलरॉइडचा तुकडा डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पातळ पट्टी किंवा पोलरॉइड काचांचा गॉगलही चालतो. उभ्या रेषेशी सुमारे ५३ अंशांचा कोन होईल असे तिरके पाहिले, तर एका स्थितीत चकाकी जवळजवळ नाहीशी होते आणि नाणे स्पष्ट दिसू लागते. फलक पाहायला आलेल्या प्रत्येकाला हा तुकडा हाती द्या. तो स्वतः फिरवून पाहील आणि 'अरेच्चा!' म्हणेल. बोटीच्या कठड्याशी उभ्या असलेल्या रामन यांनी काय केले, हे त्याला त्या क्षणी कळेल. शंभर ओळी लिहून जे कळणार नाही, ते एका 'अरेच्चा'त कळते.

शेजारी दुसरा प्रयोग मांडा. काचेच्या उंच बाटलीत स्वच्छ पाणी घ्या, त्यात दुधाचे काही थेंब टाकून ढवळा. अंधाऱ्या कोपऱ्यात एका बाजूने विजेरीचा झोत सोडा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसेल, आणि समोरून, म्हणजे झोताच्या दिशेला तोंड करून पाहिले तर विजेरीचा प्रकाश पिवळट-नारिंगी दिसेल. निळा प्रकाश जास्त विखुरला जातो, तांबडा कमी. या विखुरण्याला शास्त्रीय भाषेत प्रकीर्णन म्हणतात. थेंब किती टाकायचे हे तुम्हीच करून ठरवा. जास्त टाकलेत तर सगळे पांढरेफटक होईल.

इथे एक काळजी घ्या. पुष्कळ फलकांवर लिहिलेले असते, 'समुद्र निळा का दिसतो हे शोधल्याबद्दल रामन यांना नोबेल मिळाले.' हे बरोबर नाही. दुधाच्या प्रयोगात प्रकाश विखुरतो ते दुधातल्या सूक्ष्म कणांमुळे. शुद्ध पाण्यात ते काम पाण्याचे रेणू करतात. शिवाय पाणी तांबडा प्रकाश थोडाथोडा शोषून घेते, आणि खोल पाण्याच्या निळाईचे मुख्य कारण हे शोषण आहे, असे आज आपल्याला ठाऊक आहे. प्रकीर्णनाची त्यात भर पडते. म्हणजे निळाई पाण्याचीच, हे रामन यांचे म्हणणे टिकले; पण नोबेल मिळाले ते त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना पुढे जे सापडले त्यासाठी. प्रश्न एक असतो आणि त्याचा माग काढता काढता माणूस भलत्याच ठिकाणी पोहोचतो. विज्ञानात हे वारंवार घडते, आणि म्हणूनच ते फलकावर दिसायला हवे.

समुद्राच्या प्रश्नापासून त्या शोधापर्यंत सात वर्षे गेली. या सात वर्षांना आपल्या फलकांवर जागाच नसते. 'बोटीवर समुद्र पाहिला आणि शोध लागला' असे वाचून तुमच्यासारख्या मुलांना वाटते की, शोध हा थोरांच्या डोक्यात वीज चमकावी तसा चमकतो. आपल्या डोक्यात तशी चमकत नाही, म्हणजे आपण त्यातले नव्हे! हा समज फार नुकसान करतो. तेव्हा फलकावर १९२१ ते १९२८ अशी एक आडवी पट्टी आखा आणि त्यावर सात वर्षे भरा.

काय भराल? बोटीवरून कलकत्त्याला परतल्यावर रामन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत निरनिराळ्या द्रवांतून प्रकाश कसा विखुरतो याचा अभ्यास सुरू केला. १९२३ साली के. आर. रामनाथन या विद्यार्थ्याला पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशापेक्षा वेगळ्या रंगाचा अगदी मंद अंश दिसला. पाण्यात काही मळ असेल, त्याची ही दीप्ती असेल, असे वाटले. पाणी पुन्हापुन्हा शुद्ध केले. तो मंद अंश गेला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत कॉम्प्टन यांनी दाखवले की, क्ष-किरण विखुरताना त्यांची तरंगलांबी बदलू शकते. त्याबद्दल त्यांना १९२७ साली नोबेल मिळाले. तेच दृश्य प्रकाशाच्या बाबतीत का होऊ नये, असा विचार रामन यांच्या मनात पक्का झाला. १९२८ च्या आरंभी वेंकटेश्वरन या सहकाऱ्याला ग्लिसरीनमधून विखुरलेला हिरवट प्रकाश दिसला. तो प्रकाश ध्रुवित होता, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणारा होता. मळामुळे येणाऱ्या साध्या दीप्तीची ही खूण नव्हे. मग रामन यांनी के. एस. कृष्णन यांना हातातले दुसरे काम सोडून या प्रयोगाला बसवले. दोघांनी एकामागून एक द्रव तपासले. आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपटदर्शकातून पाहताना स्पष्ट दिसले की, विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज नवे रंग आहेत.

प्रयोगाची युक्ती इतकी सुंदर आहे की, ती तुमच्या टेबलावर जायलाच हवी. रामन यांनी सूर्याचा प्रकाश दुर्बिणीच्या भिंगाने एकवटला आणि त्याच्या वाटेत जांभळी-निळी काच धरली. म्हणजे द्रवावर फक्त जांभळा-निळा प्रकाश पडला. विखुरलेला प्रकाश पाहताना डोळ्यासमोर दुसरी काच धरली, ती अशी की जांभळा-निळा प्रकाश तिच्यातून मुळीच येऊ नये. दोन्ही काचा एकावर एक ठेवल्या तर पूर्ण अंधार. द्रवामुळे रंग बदलत नसेल, तर दुसऱ्या काचेतूनही अंधारच दिसायला हवा. पण अंधार दिसला नाही, मंद प्रकाश दिसला. म्हणजे काही प्रकाशाचा रंग द्रवात बदलला होता. चोर ओळखायला दारावर पहारेकरी बसवावा, तशी ती दुसरी काच.

तुम्ही हे लाल आणि निळ्या जिलेटिन कागदांनी दाखवू शकाल. दोन्हींच्या दोनतीन घड्या एकावर एक ठेवून विजेरीकडे पाहा, जवळजवळ काळोख दिसेल. मात्र खुद्द रामन परिणाम अशा साध्या साहित्याने दिसणार नाही. प्रकाशाचे साधारण एक कोटी कण विखुरले, तर त्यांतल्या एखाद्याचाच रंग असा बदलतो. पाण्याचा किंवा बेन्झिनचा रेणू त्या प्रकाशकणातली थोडी ऊर्जा आपल्या कंपनासाठी ठेवून घेतो, उरलेली परत करतो, म्हणून रंग बदलतो. प्रत्येक पदार्थाचा रेणू आपल्या रीतीने कंप पावतो, म्हणून हा बदल त्या पदार्थाच्या बोटाच्या ठशासारखा असतो. आज औषधांची, रत्नांची पारख याच ठशावरून करता येते. फलकावर सरळ लिहा, 'हा परिणाम आम्ही इथे दाखवू शकत नाही, कारण तो फार मंद असतो. त्यामागची युक्ती मात्र दाखवत आहोत.' असे लिहिण्यात कमीपणा नाही. उगाच लेसर विजेरी आणून काहीतरी चमकवून 'हाच रामन परिणाम' म्हणून सांगू नका. ते खोटे तर होईलच, पण डोळ्यांनाही धोका होईल.

आता फलकावरच्या नावांविषयी. वर आलेली रामनाथन, वेंकटेश्वरन, कृष्णन ही नावे किती फलकांवर असतात? 'नेचर'मध्ये ३१ मार्च १९२८ रोजी जी पहिली टिपण प्रसिद्ध झाली, तिच्याखाली रामन आणि कृष्णन अशी दोघांची नावे आहेत. संस्थेचे दार उघडण्यापासून उपकरणे जुळवण्यापर्यंत वर्षानुवर्षे साथ देणारे आशुतोष डे हेही विसरू नयेत. मॉस्कोमध्ये लान्डस्बर्ग आणि मान्डेलश्टाम या दोन शास्त्रज्ञांना त्याच महिन्यात स्फटिकांत हाच परिणाम दिसला होता. त्यांनी तो रामन यांच्यानंतर काही महिन्यांनी जाहीर केला. ही नावे लिहिल्याने रामन लहान होतात का? मुळीच नाही. उलट वाचणाऱ्याला कळते की, शोध म्हणजे एकट्याने जिंकलेली कुस्ती नसून अनेकांनी ओढलेला रथ असतो. रथाच्या दोराला हात लावायला तुमच्यासारख्यालाही जागा असते.

तारखांविषयीही सावध राहा. यात मीच एकदा फसलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत '२८ फेब्रुवारी : रामन जयंती' असे लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबरचा आहे. २८ फेब्रुवारी शोधाचा दिवस." वर्ग हसला. मीही हसलो आणि फळा पुसला. जन्म १८८८ च्या ७ नोव्हेंबरला, तिरुचिरापल्लीचा. मृत्यू १९७० च्या २१ नोव्हेंबरला, बंगलोरला. विज्ञान दिन जन्मदिवसावर न ठेवता शोधाच्या दिवसावर ठेवला, यात किती अर्थ आहे हे मला त्या दिवशी कळले. सरकारने माणसाऐवजी काम निवडले. आपण मात्र फलकावर पुन्हा माणसाचीच जयंती करतो.

आता थोडे अवघड बोलायचे आहे.

१९३३ साली रामन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून बी. एस्सी.ला पहिली आलेली एक मुलगी तिथे प्रवेश मागायला गेली. तिचे नाव कमला भागवत. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच : ती मुलगी होती. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी संचालकांना गाठून जाब विचारला. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण एक वर्षाच्या उमेदवारीवर. काम समाधानकारक वाटले तरच पुढे नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता. वर्षभरात त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर असे काम केले की, रामन यांना मान्यता द्यावी लागली, आणि त्या संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठीही उघडले. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, १९३९ साली पीएच. डी. झाल्या आणि कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी वर्षानुवर्षे जीवरसायनशास्त्राचे काम केले, तिथल्या संचालकही झाल्या. बंगलोरचा तो प्रसंग मात्र त्या विसरल्या नाहीत. तसे त्यांनी पुढे जाहीरपणे बोलूनही दाखवले.

हे फलकावर लिहावे की नाही? एका शाळेत नववीच्या मुलींनी ते लिहिले होते. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांना सांगण्यात आले की, थोर माणसाविषयी असे लिहू नये, हा भाग झाकून टाका. मुलींनी त्या मजकुरावर रंगीत कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी मी परीक्षक म्हणून गेलो तेव्हा त्यांतली एक हळूच म्हणाली, "सर, त्या कागदाखाली आमचा खरा फलक आहे."

मला विचाराल तर तो कागद लावायला नको होता. आदर राखायचा म्हणून खरे झाकायचे, ही सवय विज्ञानाच्या अगदी उलट आहे. रामन यांनी रॅलींचा आदर केला, पण लोलक फिरवायचे थांबले नाहीत. रॅली थोर आहेत तेव्हा निळाई आकाशाचीच असणार, असे ते म्हणाले असते, तर आज विज्ञान दिन कशाचा पाळला असता? जी कसोटी रामन यांनी रॅलींना लावली, तीच आपण रामन यांना लावली, तर त्यात अपमान कसला? आणि त्या फलकासमोर उभ्या राहणाऱ्या मुलींचा विचार करा. 'थोर शास्त्रज्ञ' या अक्षरांपेक्षा, ज्या दारात कमलाबाई अडून बसल्या त्या दाराची गोष्ट त्यांना जास्त बळ देईल.

मात्र हे लिहिताना एक पथ्य पाळा. दोष लिहायचा तो पुराव्याने, मोजक्या शब्दांत, आणि पुढे काय झाले तेही सांगून. १९४० मध्ये अॅना मणी रामन यांच्या बंगलोरच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. त्यांनी हिरा आणि माणिक यांच्या वर्णपटांचा अभ्यास केला, आणि पुढे हवामानशास्त्रात मोठे काम केले. तेही त्याच पट्टीवर लिहा. निवाडा तुम्ही देऊ नका. वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी दिसू द्या. एखाद्याचे पितळ उघडे पाडण्याच्या आनंदात काढलेला फलक हा हार घातलेल्या फलकाइतकाच एकांगी असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटी दोन शब्द तुमच्यासाठी. मुले फलक आपल्याला आवडेल तसा करतात. आपण अक्षर, सजावट आणि चित्र यांना गुण दिले, तर ती अक्षर, सजावट आणि चित्र यांवरच मेहनत घेणार. आज चित्रही छापील मिळते आणि मजकूरही तयार मिळतो. दहा मिनिटांत फलक उभा राहतो, आणि त्या दहा मिनिटांत मूल काहीच शिकत नाही. यंदा गुणपत्रिका थोडी बदलून पाहा. 'फलकावर एक प्रश्न आहे का?' 'पाहणाऱ्याला हाताने करण्यासारखे काही आहे का?' 'मुख्य व्यक्तीखेरीज आणखी तीन माणसांची नावे आणि त्यांचे काम आहे का?' 'प्रत्येक तारीख मुलांनी दोन ठिकाणी पडताळून पाहिली का?' 'जे ठाऊक नाही किंवा दाखवता येत नाही, ते तसे लिहिले आहे का?' एवढे पाच प्रश्न पुरेत. यात खर्च काही नाही. वेळ मात्र लागेल. सात फलकांऐवजी एकच होईल. होऊ द्या.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एक शेवटची सूचना. फलकाच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर जागा कोरी ठेवा. दोरीला एक पेन्सिल बांधा आणि वर लिहा : 'तुम्हाला काय प्रश्न पडला?' येणारेजाणारे लिहितील. पाचवीतला कुणी विचारेल, 'मग बादलीतले पाणी निळे का नाही?' कुणी विचारेल, 'ढग पांढरे का?' विज्ञान दिन संपला की हार काढून टाकतात, चित्र कपाटामागे जाते. तुम्ही तो कोपरा तेवढा कापून घ्या आणि वर्गात लावा. मार्च महिन्यात परीक्षा आहेत हे मला ठाऊक आहे. पण त्यांतला एक प्रश्न निवडून, एक पाण्याची बादली आणि एक विजेरी घेऊन तुम्ही चौघेजण एखादी संध्याकाळ बसलात, तर तुम्ही केलेला फलक कामाला आला असे मी म्हणेन.

आणि हो, या फलकावर चित्रही लावा. पोस्टकार्डाएवढे पुरे.